जनाक्काचा वाडगा

“काका, तुम्ही मराठी ना?”

मी पवनचक्कीकडे मान वर करून उभा होतो. वळून बघितलं तर लाल जाकिटातली एक मुलगी, हातात मिटलेली छत्री उंच धरलेली, आणि तिच्या मागे आपली वीस-बावीस माणसं. माकडटोप्या, मफलर, साडीखाली बूट.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

तिनं माझ्या हातातल्या कापडी पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीवर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘महालक्ष्मी वस्त्रनिकेतन, कराड. लग्नाचा बस्ता आमची खासियत.’ हॉलंडातल्या लायडन गावात अशी पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दुसरा कोण असणार?

मुलीचं नाव ऋजुता. पुण्याच्या एका सहल कंपनीत होती. तिच्यासोबतची मंडळी साताऱ्या-सांगलीकडची. दुपारी ट्यूलिपच्या बागा बघायला जायचं होतं, त्याआधी दोन तास लायडन. पण इथला ठरवलेला गाईड आलाच नव्हता.

“त्याच्या पाठीत उसण भरलीय म्हणे,” ती म्हणाली. “फोनवर विव्हळतोय. मी स्वतः पहिल्यांदाच आलेय काका. तुम्ही इथले आहात, एवढं मुख्य मुख्य दाखवाल का?”

“मी इथला नाही. मुलीकडे आलोय. आठवडाही झाला नाही.”

“पण गाव बघितलं असेल ना?”

“बघितलं नाही. माहीत आहे.”

तिला काही उमगलं नाही. मागून एक ठेंगण्या बाई पुढे आल्या. नाकात चमकी, अंगावर नवऱ्याचा कोट. या वाईच्या सुमतीकाकू. “माहीत आहे तर दाखवा की. आम्ही काय परीक्षा घेणार आहोत का?”

“मला काम आहे. एका बाईंचं भांडं परत करायचंय.”

“मग जाता जाता दाखवा. भांडं काय पळून जातंय?”

त्यांच्यामागे उंच, वाकलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते म्हणाले, “हिच्याशी वाद घालू नका. मी चाळीस वर्षं घालून बघितलाय.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागलो. ते सगळे माझ्यामागून निघाले.

गाव मला कसं माहीत होतं, ते सांगतो.

माझी कराडला पिठाची गिरणी. वैजूचं, म्हणजे माझ्या मुलीचं, बाळंतपण लायडनला झालं, तेव्हा माझी बायको कुमुद तीन महिने तिच्याकडे राहून आली. मलाही चला म्हणाली होती. मी म्हटलं, गिरणी कोण बघणार? मग ती एकटीच गेली. दुपारी बाळाला ढकलगाडीत घालून फिरायला निघायची आणि चालता चालता मला फोन लावायची. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ, गिरणीला रांग लागलेली. पट्ट्याच्या आवाजात मला धड ऐकू यायचं नाही, म्हणून ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. दोनदा ऐकलेलं पाठ होतं.

रस्त्यांची नावं तिला उच्चारता येत नव्हती. तिनं आपली नावं ठेवली होती. ही पवनचक्की म्हणजे ‘आपली गिरणी’, कारण पूर्वी इथं धान्यच दळायचे. तिथून सुरुवात. मग ‘मांडवाचा पूल’. मग ‘भुईकोट’. मग ‘बसलेला हत्ती’. आणि शेवटी ‘जनाक्काचं दार’.

ही जनाक्का म्हणजे तिची मैत्रीण. खरं नाव काहीतरी योहाना होतं. कुठल्याशा बागेत, बाकावर दोघींची ओळख झाली. दोघींना मिळून इंग्रजीचे पन्नास शब्द येत असतील, पण रोज भेटायच्या. जनाक्का काही करून द्यायची, मग आमची कुमुद तेच भांडं भरून परत द्यायची. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. तसं ते तीन महिने चाललं. निघायच्या वेळी कुमुदचा स्टीलचा डबा तिकडे राहिला आणि जनाक्काचा निळ्या फुलांचा वाडगा कुमुदच्या सामानातून कराडला आला.

दुसऱ्या वर्षी कुमुदला पोटाचं दुखणं लागलं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं दोन-तीनदा आठवण केली. “अहो, जनाक्काचा वाडगा द्यायचा राहिलाय. आणि रिकामा देऊ नका.” दिवाळीच्या आधी ती गेली.

एप्रिलमध्ये मी वाडगा घेऊन आलो. तीन महिन्यांचा व्हिसा होता, पण मी शुक्रवारचं परतीचं तिकीट काढून घेतलं होतं. वाडगा दिला की मोकळा झालो, एवढाच माझा हिशेब. वैजू माझ्याशी त्यावरून धड बोलत नव्हती. तरी रविवारी तिनं मोबाइलमधला नकाशा बघत मला सगळीकडे फिरवलं. आपल्याकडे वाडे असतात तसे तिथं मधे बाग आणि भोवती घरं असलेले जुने चौक आहेत. त्यांना होफ्ये म्हणतात. गावात असे तीसेक तरी निघाले. अर्धे रविवारी बंद. आई कुठल्या चौकात बसायची ते वैजूला माहीत नव्हतं, कारण ती दिवसभर ऑफिसात. मंगळवारी ती कामावर गेल्यावर मी ठरवलं, नकाशा राहू दे. कुमुद सांगायची तसंच जाऊ. म्हणून पवनचक्कीपाशी येऊन उभा राहिलो होतो.

“ही आपली गिरणी,” मी मंडळींना सांगितलं. “खालच्या मजल्यांवर गिरणीवाला आणि त्याचं कुटुंब राहायचं. दळण वारा करायचा.”

“आणि वारा नसला तर?” अण्णांनी विचारलं.

“मग आपल्याकडे वीज गेल्यावर जे करतात तेच. बाहेर बसून गप्पा.”

सगळे हसले. मलाच जरा नवल वाटलं. कुमुद गेल्यापासूनच्या सहा महिन्यांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. मीही फारसा बोललो नव्हतो.

कालव्याच्या कडेनं निघालो. कालव्यात होड्या, कडेला सायकली, इतक्या की एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत मोठ्या अक्षरांत कविता लिहिलेली. मी म्हटलं, “इथं भिंतींवर कविता लिहितात. कुठल्या कुठल्या भाषेतल्या. आपल्या भिंतींवर काय असतं?”

“येथे जाहिरात लावू नये,” अण्णा म्हणाले.

हा विनोद खरं तर कुमुदचा होता. पुढचं वाक्य अण्णांनी बरोबर घेतलं म्हणून मी तो माझ्या नावावर राहू दिला.

मांडवाचा पूल सापडला. पुलावर खांब आणि खांबांवर छप्पर. तिथं पूर्वी धान्याचा बाजार भरायचा, धान्य भिजू नये म्हणून छप्पर. ऋजुतानं पुलावरची पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. “काका, बरोबर आहे की हो. मला वाटलं तुम्ही मनानंच सांगताय.”

पुलाजवळ एक गाडीवाला गरम गरम स्ट्रोपवाफल करत होता. दोन पातळ चकत्या आणि मधे पाक. मी म्हटलं, “ही आपल्या गुळाच्या पोळीची बहीण. खाऊन बघा.” अण्णांनी दोन खाल्ल्या. काकू म्हणाल्या, “तूप नाही,” आणि त्यांनीही दोन खाल्ल्या.

पुढे भुईकोट. गावाच्या मधोमध मातीची टेकडी आणि तिच्यावर गोल तटबंदी. बांगडी ठेवावी तशी. वर चढताना काकूंना धाप लागली, तरी तोंड चालूच. “प्रतापगड एवढा जवळ, तिथं कधी चढले नाही, आणि इथं परमुलखात चढतेय.”

तटावर सगळे टेकले. खाली लाल कौलं, कालवे आणि पलीकडे एक अवाढव्य देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. मी वेढ्याची गोष्ट सांगितली, कुमुदनं सांगितली तशी. स्पेनच्या राजाच्या फौजेनं लायडनला वेढा घातला. आतलं धान्य संपलं. साथ आली. लोक म्हणायला लागले, दरवाजे उघडा. तेव्हा नगराध्यक्ष म्हणे पुढे झाला आणि म्हणाला, हवा तर माझा हात कापून खा, पण गाव देणार नाही.

“आमच्या नगराध्यक्षांचा हात पाण्याच्या नळासाठीसुद्धा पुढे येत नाही,” काकू म्हणाल्या.

“मग?” ऋजुतानं विचारलं. ती छत्री मांडीवर ठेवून पोरीसारखी ऐकत होती.

“मग बाहेरच्या त्यांच्याच माणसांनी समुद्राचे बांध फोडले. पाणी शेतात घेतलं आणि सपाट होड्या घालून गावापर्यंत आले. शत्रूचं सैन्य पाणी बघून पळालं. इतक्या घाईनं, की चुलीवरचं भांडं तसंच राहिलं. गाजर, कांदा आणि कसलीशी कंदमुळं घालून केलेली भाजी होती त्यात. गावातल्या लोकांना ती मिळाली. अजून तीन ऑक्टोबरला घरोघरी ती घोटलेली भाजी करतात.”

अण्णा टोपी सारखी करत पुढे सरकले. मग म्हणाले, “म्हणजे शत्रूनंसुद्धा भांडं रिकामं ठेवलं नाही.”

मी पिशवी छातीशी धरली होती. तीन ऑक्टोबरलाच जनाक्कानं कुमुदला ती भाजी दिली होती. याच वाडग्यातून.

“इतकं सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?” काकूंनी विचारलं.

“कुमुदनं. आमच्या मंडळींनी.”

“मग त्यांना का नाही आणलं बरोबर? गिरणीवर बसवून आलात वाटतं.”

“ती माझ्या आधी येऊन गेलीय.”

“बरोबर. बायका आधी बघून येतात, पुरुष मागून येऊन माहिती देतात,” काकू म्हणाल्या, आणि बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो. सांगितलं असतं तर सगळ्यांचे चेहरे पडले असते, आणि त्यांना अजून ट्यूलिप बघायची होती.

टेकडीवरून उतरलो की समोरच ते अवाढव्य देऊळ. भिंती डोंगराएवढ्या, पण डोक्यावर मोठा मनोरा नाही. कुमुद म्हणायची, हत्ती बसलाय आणि उठायला विसरलाय. मी सांगितल्यावर सगळ्यांना तो दिसायला लागला. एका बाईंनी सोंडसुद्धा शोधली.

“आता बसकडे?” ऋजुतानं घड्याळ बघितलं.

“तुम्ही जा. माझं भांडं द्यायचंय. हत्तीच्या मागून कालव्याकडे, पाण्यावर वाकलेलं झाड, तिथून गल्लीत, हिरवं दार, वर दगडात मेंढरू.”

“हा पत्ता आहे?”

“एवढाच आहे.”

ऋजुतानं मंडळींकडे बघितलं. काकू माझ्या आधीच हत्तीच्या मागे निघाल्या होत्या. “आता भांडं कुणाचं ते बघितल्याशिवाय मला झोप यायची नाही,” त्या म्हणाल्या.

पाण्यावर वाकलेलं झाड सापडलं. गल्लीही सापडली. गल्लीत हिरवी दारं तीन. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर घराचा नंबर. तिसऱ्याच्या वर दगडात एक प्राणी कोरलेला. झिजून झिजून त्याचं तोंड गेलेलं.

“कुत्रं आहे,” अण्णा म्हणाले.

“मेंढरू आहे,” काकू म्हणाल्या. “लोकर दिसत नाही का?”

“झुबकेदार कुत्रं असेल.”

“तुम्ही आयुष्यभर मला चूकच ठरवा.”

दार नुसतं लोटलेलं होतं. बाजूला पाटी. ऋजुतानं मोबाइल धरून तिचा अर्थ लावला. आत माणसं राहतात, शांतपणे या, असं काहीसं होतं. “काका, एवढे सगळे नको जायला,” ती म्हणाली.

पण तोवर काकूंनी भिंतीला हात लावून पायातले बूट काढले होते.

“काकू, इथं चर्चमध्येसुद्धा घालून जातात.”

“ते चर्च. हे कुणाचं तरी अंगण. पायताणं घालून जायचं होय?”

त्यांचं बघून दुसऱ्या बाईंनी काढले, मग तिसऱ्या, मग सगळ्यांनी. मीही काढले. आपली माणसं अशी, की एकानं चप्पल काढली की बाकीच्यांचे पाय आपोआप मोकळे होतात. गल्लीत भिंतीच्या कडेनं बूट, सँडल, कापडी जोडे अशी ओळ लागली. थेट देवळाबाहेर लागते तशी. अण्णांच्या नव्या कोऱ्या चामडी सँडल सगळ्यात पुढे.

मोज्यांवर आत गेलो. मी मनात जसं धरलं होतं तसंच होतं सगळं. तिन्ही बाजूंनी बुटकी घरं, प्रत्येकाला एक खिडकी आणि एक दार. मधे बाग, बागेत जुना हातपंप. पांढऱ्या फुलांनी भरलेलं एक झाड, त्याखाली बाक. पूर्वी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांसाठी असे चौक बांधायचे, असं कुमुदनं सांगितलं होतं. तेव्हा मी पिठाचा डबा झटकत “बरं बरं” म्हटलं होतं.

बाहेर कुणीच नव्हतं. दारं सगळी सारखी. जनाक्काचं कोणतं ते कुमुदनं कधी सांगितलं नव्हतं, कारण त्या बाकावर भेटायच्या. मी एका दारावर हलकेच टकटक केली. केस बांधत एक तरुण बाई बाहेर आली. “जना?” मी म्हटलं. “योहाना?” तिनं मान हलवली. ती नवीनच राहायला आली होती. आमच्या घोळक्याकडे आणि सगळ्यांच्या मोज्यांकडे तिनं बघितलं आणि हसून दार लावलं. दुसऱ्या घरात कुणी नव्हतं. तिसऱ्यातही नाही.

मी बाकावर बसलो. चौक हाच असेल का, याचीसुद्धा आता खात्री वाटेना. त्या प्राण्याला तोंड नव्हतं.

“काका, दहा मिनिटं,” ऋजुता हळूच म्हणाली. “बस थांबत नाही हो.”

“तुम्ही निघा. मी भांडं त्या पंपापाशी ठेवून जातो. त्यांचं असेल तर त्या ओळखतील.”

“असं उघड्यावर?” काकू कुजबुजल्या, पण त्यांचं कुजबुजणंही चौकभर ऐकू गेलं. “कुणाचं भांडं असं ठेवून जातात का? हातात द्यायचं असतं ते.”

“मला माहीत आहे हो. पण शुक्रवारी माझं विमान आहे.”

तेवढ्यात मागचं हिरवं दार ढकललं गेलं. एक उंच, हडकुळी म्हातारी आत आली. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, काखेत भाजीची पिशवी, आणि हातात अण्णांची एक सँडल.

ती भराभर बोलायला लागली. ऋजुतानं मोबाइल तिच्यापुढे धरला आणि त्यावर अर्थ उमटेल तसा अडखळत सांगायला लागली. “त्या म्हणतायत, बाहेर दोन विद्यार्थी ही घालून बघत होते. इथं घराबाहेर जे ठेवतात ते नको असतं म्हणून ठेवतात, ज्याला हवं त्यानं न्यावं असं. दुसरी सँडल एकाच्या पायात होती, ती काढायला लावली म्हणतात.”

अण्णा सँडल घ्यायला पुढे झाले. पण म्हातारीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

“त्या म्हणतायत,” ऋजुताचा आवाज हळू झाला, “या दाराबाहेर बूट काढणारी एकच बाई होती. तिलाही मी हेच सांगायचे, चोरीला जातील म्हणून. ती ऐकायची नाही.”

म्हातारी आमच्या बायकांच्या रांगेपाशी गेली. एकेकीच्या तोंडाकडे बघत चालली. पहिली, दुसरी, तिसरी. काकूंच्या पुढे क्षणभर थांबली, मग पुढे. शेवटच्या बाईपर्यंत पोचली आणि वळली. “कुमुद?” तिनं विचारलं.

मी उठलो. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला वाडगा काढला आणि टॉवेल सोडला.

ऋजुता सांगायला लागली तशी मी तिला हातानं थांबवलं. माझं इंग्रजी चार शब्दांचं. तेवढे पुरले.

जनाक्कानं वाडगा दोन्ही हातांत घेतला. पिशवी तिच्या काखेतून खाली पडली, बटाटे फरशीवर गडगडले. काकू खाली बसून गोळा करायला लागल्या. कुणाकडे न बघता त्या ते करत होत्या, आणि त्यांचा पदर डोळ्यांना लागत होता. “आधी सांगायचं नाही का हो,” त्या फरशीकडे बघत म्हणाल्या. “मी मेली काय काय बोलले.”

“तुम्ही बोललात म्हणून तर इथवर आलो,” मी म्हटलं. ते खरं होतं.

जनाक्कानं वाडग्यातली पुडी उघडली आणि वास घेतला. भाजणी होती. कुमुदच्या प्रमाणानं मी पहिल्यांदाच स्वतः भाजलेली, माझ्याच गिरणीवर दळलेली. धने थोडे करपले होते.

“थालीपीठ,” जनाक्का म्हणाली. अगदी स्वच्छ.

अण्णा म्हणाले, “आमच्या नातवाला म्हणता येत नाही.”

ती आत गेली. कोपऱ्यातलं घर होतं तिचं, मी टकटक केलेलं दुसरं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुमुदचा डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं, सौ. कुमुद विनायक तांबवेकर. आमच्या लग्नातला डबा. इतका घासलेला की त्यात झाडाची फुलं दिसत होती. मी घ्यायला हात पुढे केला.

तिनं झाकण उघडून मला आत दाखवलं. डबा रिकामा होता. तिनं झाकण लावलं आणि डबा पाठीमागे धरला.

“काय झालं?” मी ऋजुताला विचारलं.

ऋजुता हसायला लागली होती. “रिकामा देता येणार नाही म्हणतात. कुमुदनं शिकवलंय म्हणे. आज घरात बटाट्यांशिवाय काही नाही. शनिवारी बाजार असतो, सफरचंदं आणतील, केक करतील. शनिवारी या.”

“तिला सांग, मी शुक्रवारी चाललोय. साखर घालून दे म्हणावं चिमूटभर. चालतं.”

ऋजुतानं सांगितलं. जनाक्का ऐकून घेत राहिली. मग माझ्या शेजारी बाकावर बसली, डबा मांडीवर, आणि सावकाश बोलायला लागली. मधे मधे ऋजुताच्या मोबाइलसाठी थांबत होती.

“कुमुद निघाली त्या दिवशी या म्हणाल्या होत्या, वाडगा राहू दे इथंच, सामान जड होईल. पण तिनं मुद्दाम नेला. साड्यांमधे गुंडाळून. खुणा करून, मोडक्या शब्दांत म्हणाली... काका, तसंच सांगू?”

“सांग.”

“म्हणाली, माझा नवरा मजेसाठी घराबाहेर पाऊल टाकत नाही. पण कुणाचं भांडं परत करायचं राहिलं असेल, तर त्यासाठी विमानातसुद्धा बसेल. पुढच्या वर्षी मी त्याला घेऊन येते बघ.”

काकूंनी बटाट्यांची पिशवी जनाक्काच्या पायाशी ठेवली, आपल्या पर्समधून शेंगदाण्याच्या लाडवांचं पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. “आम्हीही रिकाम्या हातानं आलो नाही, सांग त्यांना,” त्या ऋजुताला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि भावजी, त्या शनिवारी म्हणतायत तर शनिवारी जा. गिरणी काय उडून चाललीय? ती वाऱ्यावरची थोडीच आहे.”

गल्लीत येऊन सगळ्यांनी आपापले बूट घातले. एकाचेही गेले नव्हते. ऋजुतानं छत्री उंच धरली आणि मंडळी हत्तीच्या दिशेनं निघाली. कोपऱ्यावरून अण्णा वळून ओरडले, “तांबवेकर, ते कुत्रंच आहे हं.”

मी बाकावर परत जाऊन बसलो. जनाक्कानं कॉफी आणली. आम्हा दोघांना मिळून पन्नास शब्दही येत नव्हते. चालत होतं.

संध्याकाळी वैजू घरी आली, तेव्हा मी लेकीच्या लेकीला मांडीवर घेऊन बसलो होतो.

“वाडगा दिला का बाबा?” तिनं विचारलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली.

“दिला.”

“झालं मग. मोकळे झालात,” ती म्हणाली आणि बूट काढायला खाली वाकली. तोंड दिसू नये म्हणून वाकली, हे बापाला कळतं.

“शुक्रवारचं तिकीट रद्द होतं का बघ.”

ती तशीच वाकून राहिली. “का?”

“शनिवारी डबा आणायचाय.”

ह्याला आता आठ वर्षं झाली. त्या शनिवारी डबा केक घालून मिळाला. केक संपल्यावर डबा घरी ठेवून गप्प बसता आलं असतं, कारण डबा आमचाच होता. पण जनाक्कानं केकबरोबर निळ्या वाडग्यातून मटाराचं सूपही दिलं होतं. त्या वेळी मी तीन महिने पुरते राहिलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. गिरणी आता पुतण्या बघतो. जनाक्का काठी घेऊन चालते. सुमतीकाकू वाईहून फोन करून दर वेळी विचारतात, यंदा कोणतं भांडं कुणाकडे आहे?

वाडगा सध्या माझ्याकडे आहे. भाजणी कालच दळून ठेवली.